गाडीच्या पडद्यावरचे अ‍ॅव्हरेज किती खरे? घरच्या घरी पडताळून पाहण्याची रीत

टाकी फुल करून मागच्या वेळेपासूनचे किलोमीटर भरलेल्या लिटरांनी भागले आणि उत्तर १६.३ आले, पण समोरच्या पडद्यावर मात्र ऐटीत १७.६ दिसते आहे, असा अनुभव बहुतेक गाडीवाल्यांना केव्हा ना केव्हा येतो. मग एक तर कंपनीने आकडा फुगवला असे ठरते, नाही तर पंपवाल्याच्या मापात पाप आहे असे. दोन्ही गोष्टी घडू शकतात. परंतु एका टाकीच्या हिशेबावरून दोघांपैकी कोणालाही दोषी धरता येत नाही, कारण त्या हिशेबातली आपली स्वतःची चूक पुष्कळदा पडद्याच्या चुकीपेक्षा मोठी असते. पडताळणी करायची तर ती चार-पाच टाक्यांची, एकाच शिस्तीने आणि वहीत नोंद ठेवून करावी लागते. काम अवघड नाही, फक्त महिना-दोन महिने धीर धरावा लागतो.

पडद्यावरचा आकडा कुठून येतो

पुष्कळांचा समज असा असतो की टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवरून गाडीला किती पेट्रोल संपले ते कळते. फ्लोटचा उपयोग काटा दाखवण्यापुरता असतो आणि तो काटा किती ढोबळ असतो हे घाटात चढाला लागल्यावर प्रत्येकाने पाहिलेले आहे. अ‍ॅव्हरेजचा हिशेब इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा छोटा संगणक, वेगळ्या वाटेने करतो. इंजिनात इंधन फवारणारा प्रत्येक इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयूच ठरवतो, आणि ठरावीक दाबाला त्या इंजेक्टरमधून किती इंधन बाहेर पडते हा आकडा त्याच्या स्मृतीत आधीपासून भरलेला असतो. उघडे राहण्याचा वेळ आणि प्रवाहाचा तो आकडा यांचा गुणाकार करत राहिले की खर्च झालेल्या इंधनाची बेरीज मिळते. चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून अंतर मिळते. आणि दोन्हींचा भागाकार पडद्यावर येतो.

म्हणजे गाडीत इंधन मोजणारे मीटर नसते, असतो तो अंदाज. इंजेक्टर कारखान्यातून बाहेर पडतानाच एकमेकांपासून थोडे वेगळे असतात, वापराने त्यांत कचरा बसतो किंवा ते किंचित ठिबकू लागतात, आणि टाकीत साठलेली पेट्रोलची वाफ कॅनिस्टरमार्गे (वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्यातून) इंजिनात जळते ती इंजेक्टरच्या हिशेबात धरली जात नाही. तरीही हा अंदाज वाटतो तेवढा कच्चा नसतो. युरोपीय संघात २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना प्रत्यक्ष इंधनखर्चाची नोंद गाडीतच ठेवणे बंधनकारक आहे, आणि त्या नोंदीची चूक अधिकृत चाचणीत ५ टक्क्यांच्या आत असावी लागते. हा नियम आपल्या रस्त्यांसाठी नाही. तथापि पाच टक्के हा आकडा मोजपट्टी म्हणून मनाशी धरायला चांगला आहे. पडदा १७ म्हणतो आणि खरे उत्तर १६.२ येते, एवढ्या फरकावर सर्व्हिस सेंटरमध्ये भांडायला जाण्यात अर्थ नाही.

सुरुवात पडद्यापासून

पडताळणीला लागण्यापूर्वी आपल्या गाडीचा पडदा नेमके कुठले अ‍ॅव्हरेज दाखवतो ते तपासावे. काही गाड्यांत गाडी चालू केल्यापासूनचे, इंधन भरल्यापासूनचे आणि आपण शून्य केल्यापासूनचे असे तीन वेगवेगळे आकडे असतात, आणि पुष्कळ जण गैरसमजाने पहिल्याची तुलना पंपाच्या बिलाशी करतात. सेटिंगमध्ये टाकी भरताच अ‍ॅव्हरेज आपोआप शून्य होण्याचा पर्याय चालू असेल, तर तो या कामापुरता बंद करावा. ट्रिप ए आणि ट्रिप बी अशी, म्हणजे वेगवेगळ्या शून्य करता येणाऱ्या दोन नोंदींची, सोय असल्यास बी ही पडताळणीसाठी राखून ठेवावी आणि घरातल्या सर्वांना ती शून्य करू नका असे बजावून सांगावे. क्षणाक्षणाला हलणाऱ्या आकड्याकडे तर या कामात पाहूच नये: उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद होते आणि पडदा त्याचा कमाल आकडा दाखवतो, सिग्नलला उभे असताना अंतरच शून्य असल्यामुळे अ‍ॅव्हरेजही शून्य होते.

पंपावर

आता मुख्य काम. टाकी फुल करण्याची पद्धत प्रत्येक वेळी तीच ठेवणे, यातच निम्मी अचूकता आहे. शक्यतो एकच पंप, त्या पंपावरचे तेच मशीन, गाडी उभी करण्याची तीच दिशा. पंपाची फरशी पाणी वाहून जावे म्हणून थोडी उतरती असते. गाडी उलट तोंडाने उभी केली की टाकीत हवेचा फुगा वेगळ्या कोपऱ्यात अडकतो आणि नोझल आधी किंवा नंतर बंद पडते.

पंपावरचा माणूस सवयीने विचारतो, “कितीचं टाकू?” त्यावर रक्कम सांगू नये, “फुल, आणि ऑटो-कट झाला की थांबा,” असे सांगावे. “झिरो बघा” असे तो म्हणेल तेव्हा खरोखरच शून्य पाहावे. पहिल्यांदा नोझलने टक् आवाज करून पुरवठा तोडला की तिथेच थांबायचे. खरी परीक्षा पुढे असते, कारण मशीनवर २९३७ रुपये दिसत असले की “राउंड फिगर करू का?” हा प्रश्न येतोच, आणि आपणही होकार देऊन मोकळे होतो. त्या एका होकाराने अर्धा लिटर जादा गेला, तर तीस लिटरच्या हिशेबात दीड-दोन टक्क्यांची चूक शिरते. शिवाय ऑटो-कटनंतर काठोकाठ भरणे कॅनिस्टरसाठीही चांगले नाही, ते वेगळेच. सुट्या पैशांची अडचण यूपीआयने संपवलेली असल्यामुळे राउंड फिगरची आता गरजही राहिलेली नाही.

बिल मागून घ्यावे आणि गाडी पंपावरून हलवण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, ओडोमीटरचा (गाडीच्या एकूण किलोमीटरचा) आकडा, दशांशासह लिटर, आणि ट्रिप बीवरचे अ‍ॅव्हरेज. रुपये लिहिण्याची सवय असेल तर लिहावेत, पण हिशेब लिटरमध्येच करावा. पहिल्या दिवशी भरलेले लिटर या हिशेबात धरायचे नसतात, कारण ते मागच्या प्रवासाचे असतात. त्या दिवशीची नोंद फक्त ओडोमीटरची, आणि ट्रिप बी शून्यावर.

पहाटे भरले की थंडाव्यामुळे जास्त पेट्रोल मिळते, ही समजूत अनेक घरांत पिढीजात आहे. पेट्रोल तापले की प्रसरण पावते हे खरे असून दहा अंशांच्या फरकाने आकारमान साधारण एक टक्क्याने बदलते. परंतु पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान सकाळ-दुपारच्या फरकाने फारसे हलत नाही. नागपूरचा मे आणि नागपूरचा डिसेंबर यांची तुलना करताना हा एक टक्का लक्षात घ्यावा, रोजच्या भरण्यात नाही.

मापाबद्दल खरोखरच शंका असेल तर वहीपेक्षा सरळ उपाय आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागणी केल्यास त्यात पेट्रोल ओतून दाखवावे लागते. त्यात चालणारी तफावत अर्ध्या टक्क्याची, म्हणजे पाच लिटरला २५ मिलिलिटरची. अ‍ॅव्हरेजमधला पाच-सात टक्क्यांचा फरक पंपाच्या माथी मारण्यापूर्वी ही पाच मिनिटांची चाचणी करून घ्यावी.

हिशेब

नमुन्यादाखल एक हिशेब पाहू. समजा पहिल्या दिवशी टाकी फुल केली तेव्हा ओडोमीटर २४,३१० वर होता. पुढच्या चार भरण्या अशा झाल्या: ४७८ किलोमीटरनंतर २९.४० लिटर, मग ४५३ किलोमीटरनंतर २६.१० लिटर, मग ५०८ नंतर ३१.८५, आणि शेवटी ४५६ नंतर २७.०५. प्रत्येक टाकीचे उत्तर स्वतंत्रपणे काढले तर अनुक्रमे १६.३, १७.४, १५.९ आणि १६.९ येते. त्याच टप्प्यांसाठी, दर भरणीला शून्य केलेल्या ट्रिप एवर, पडद्याचे आकडे १७.६, १७.१, १७.० आणि १७.८ असे होते. पहिली टाकी पाहणारा म्हणेल की पडदा आठ टक्के खोटे बोलतो. दुसरी टाकी पाहणारा म्हणेल की पडदा उलट कमीच दाखवतो. गाडी तीच आणि पडदाही तोच आहे. फरक एवढाच की पहिल्या वेळी नोझल उशिरा तुटले आणि दुसऱ्या वेळी लवकर.

आता चारही टाक्या एकत्र घ्याव्यात. एकूण अंतर १,८९५ किलोमीटर, एकूण इंधन ११४.४० लिटर, भागाकार १६.५६. ट्रिप बी अखेरीस १७.४ दाखवत होती. मधल्या भरण्यांत जे थोडे जास्त-कमी झाले ते पुढच्या भरणीत आपोआप फिटले, कारण आज अर्धा लिटर जादा भरला गेला तर पुढच्या वेळी तेवढाच कमी मावतो. अखेरीस चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरणीची. ती अर्धा लिटर धरली तरी ११४ लिटरमध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी होते. म्हणूनच पहिली आणि शेवटची भरणी तेवढी डोळ्यांत तेल घालून करावी. मधल्या एखाद्या वेळी दुसऱ्या पंपावर जावे लागले तरी बिघडत नाही, फक्त बिल हरवू देऊ नये. एक बिल हरवले की सारा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

१६.५६ ला १७.४ ने भागले की ०.९५ मिळते. हा आपल्या गाडीचा गुणक झाला. पडदा १८ दाखवील तेव्हा खरे १७.१, पडदा १५ दाखवील तेव्हा खरे सव्वाचौदा.

इथे एक चूक फार जण करतात. चार टाक्यांची चार अ‍ॅव्हरेजे बेरीज करून चारने भागणे ही पद्धत चुकीची आहे. साठ किलोमीटर शहरात १० च्या अ‍ॅव्हरेजने आणि साठ किलोमीटर हायवेवर २० च्या अ‍ॅव्हरेजने गेलो, तर सरासरी १५ नसते. सहा आणि तीन मिळून नऊ लिटर खर्च झाले आणि १२० किलोमीटर झाले, म्हणजे १३.३. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर अशी उलट पद्धत आहे तिच्यात हा घोटाळा पुष्कळ कमी होतो, आणि बऱ्याच गाड्यांच्या सेटिंगमध्ये ती निवडताही येते. पण “गाडी सहा देते” असे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांगितले तर लोक कीव करतील.

किलोमीटर तरी खरे आहेत का

वरच्या हिशेबात एक गोष्ट आपण न तपासता गृहीत धरली: अंतर. पडद्याचे अ‍ॅव्हरेज आणि आपले वहीतले अ‍ॅव्हरेज दोन्ही त्याच चाकांच्या फेऱ्यांवर उभे असल्यामुळे अंतरातली चूक दोन्हींत सारखीच येते आणि दोन्हींची तुलना करून ती कधीच पकडता येत नाही. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतराला फेऱ्या जास्त होतात आणि ओडोमीटर पुढे पळतो. १८५/६५ आर १५ मापाच्या नव्या टायरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर असतो. नक्षी सहा मिलिमीटर झिजली की व्यास बारा मिलिमीटरने घटतो, म्हणजे जवळजवळ दोन टक्के. उलट हौसेने १९५/६५ चे टायर टाकले, तर व्यास दोन टक्क्यांनी वाढतो, ओडोमीटर मागे पडतो, आणि टायर बदलल्यापासून गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले अशी तक्रार सुरू होते. त्यातले दोन टक्के निव्वळ कागदावरचे असतात.

अंतर तपासण्यासाठी लांब, सरळ आणि किलोमीटरचे फलक असलेला रस्ता घ्यावा. समृद्धी महामार्गासारखा मोकळा रस्ता उत्तम. शेजारी बसलेल्याने एका फलकापाशी ट्रिपचा आकडा लिहावा आणि पन्नास किलोमीटर पुढच्या फलकापाशी पुन्हा. चालवणाऱ्याने हे काम करू नये आणि फलकापाशी गाडीही थांबवू नये. मोबाइलचे जीपीएस वापरता येते, पण घाटातल्या नागमोडी वळणांवर ते कोपरे कापून अंतर कमी भरवते आणि बोगद्यांत त्याचा माग तुटतो, त्यामुळे खंडाळ्याच्या घाटातली मोजणी उपयोगाची नाही. फलकांवर पन्नास झाले आणि ट्रिपवर ५०.९ झाले, तर ओडोमीटर १.८ टक्के पुढे आहे. वरचे १६.५६ हे उत्तर मग १६.२७ धरावे लागेल.

स्पीडोमीटरची गोष्ट मात्र वेगळी आहे. काटा १०० वर असताना जीपीएस ९५ दाखवते म्हणून ओडोमीटरही पाच टक्के चुकतो असे समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांनुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नसते, जास्त मात्र दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इतके दाखवले तरी चालते. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. ओडोमीटरला असा वाढावा द्यायचे काही कारण नसते.

इथेनॉल आणि मोबाइलची अ‍ॅप्स

आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई२० पेट्रोल मिळते. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला जास्त लिटर लागतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के, तर ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्यांसाठी १ ते २ टक्के धरली आहे. इंजेक्टरच्या वेळेवरून मोजणाऱ्या गाडीत ही घट पडद्यावरही दिसते, कारण मिश्रण नीट राखण्यासाठी ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि तो वेळ मोजला जातो.

ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, स्वस्तातले डोंगल (माहिती मोबाइलकडे पाठवणारे छोटे उपकरण) लावून मोबाइलवर अ‍ॅव्हरेज पाहणाऱ्यांची मात्र इथे फसगत होते. अशी पुष्कळ अ‍ॅप्स इंजिनात किती हवा गेली ते वाचतात आणि एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाने इंधन काढतात. हे प्रमाण शुद्ध पेट्रोलचे आहे. ई२० साठी ते साडेतेराच्या आसपास असते. अ‍ॅपमध्ये इंधनाचा प्रकार बदलला नाही, तर ते खर्च सात-आठ टक्क्यांनी कमी सांगते आणि आपण गाडीच्या पडद्यालाच खोटे ठरवतो. अ‍ॅपचा उपयोग करायचा तर त्याचाही गुणक वरच्याच रीतीने काढावा.

दोन आकडे एकत्र वाचणे

गुणक हाती आला की पडदा आणि वही यांची जोडी फार कामाची ठरते. दोन्ही आकडे सारखेच खाली आले, तर गाडी खरोखरच जास्त पिते आहे: चाकांतली हवा, घासणारा ब्रेक, उन्हाळ्यातला एसी, बदललेला रस्ता, असे क्रमाने तपासत जावे. डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होण्याच्या वेळी जादा इंधन जळते, तेव्हाही आकडा काही काळ पडतो.

पडदा जागच्या जागी राहिला आणि वहीतला आकडा मात्र घसरला, तर इंजिनाला न कळता इंधन कुठे तरी जात आहे, किंवा टाकीत पडतेच कमी आहे. पाइपमधली गळती, पेट्रोलचा वास आणि पंपाचे माप यांचा शोध आधी घ्यावा. गळतीची शंका आली तर गाडी चालवत न राहता मेकॅनिकला बोलवावे.

तिसरा प्रकार जरा चकवणारा आहे. पडदा खाली गेला पण वही पूर्वीसारखीच आहे, असे झाले तर इंजेक्टरमध्ये कचरा बसल्याची शक्यता असते. प्रवाह कमी झाल्याने ईसीयू तेवढ्याच इंधनासाठी त्यांना जास्त वेळ उघडे ठेवतो, आणि वेळेवरून मोजणाऱ्या हिशेबात खर्च वाढलेला दिसतो. ठिबकणाऱ्या इंजेक्टरचे याच्या नेमके उलट होते: गाडी पडद्यावर छान अ‍ॅव्हरेज देते आणि पंपावर नाही. जुन्या गाडीचा गुणक ०.९५ वरून ०.९० वर आला तर हे मेकॅनिकला सांगण्याजोगे लक्षण आहे. “अ‍ॅव्हरेज कमी झालं” एवढेच सांगितले तर तो एअर फिल्टर बदलून देईल.

सीएनजी गाडीसाठी हीच रीत किलोमध्ये वापरावी, मात्र सिलिंडर किती भरतो हे पंपाचा दाब आणि भरताना वायू किती तापला यावर अवलंबून असल्यामुळे चारऐवजी सहा-सात भरण्या घ्याव्यात, आणि बऱ्याच गाड्या सुरुवातीला काही वेळ पेट्रोलवर चालतात हे विसरू नये.

पडद्याचा आकडाच दुरुस्त करता येतो का, असे विचारले जाते. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत निदान-यंत्र जोडून ८५ ते ११५ टक्क्यांच्या दरम्यान दुरुस्ती भरता येते. मला स्वतःला हा खटाटोप गरजेचा वाटत नाही, आणि वॉरंटीतल्या गाडीच्या सॉफ्टवेअरला तर हात लावूच नये. त्यापेक्षा आरसी बुकाच्या प्लॅस्टिक पाकिटात “पडदा × ०.९५” अशी चिठ्ठी तारखेसह ठेवावी; टायर बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले किंवा ईसीयूचे सॉफ्टवेअर नवे घातले, की ती चिठ्ठी फाडून ट्रिप बी पुन्हा शून्य करावी.